एकाच जाळीचा माल

“हात धू आणि घरला जा. संध्याकाळी सुपारी फोडायची हाय. तुला शिवलिंगला द्यायचं ठरलंय,” आई म्हणाली, आणि सूप पुढं ओढून पुन्हा बेदाणा निवडायला लागली.

मला वाटलं मस्करी करतेय. शेडच्या सावलीत आम्ही आठ-दहा बायका बसलो होतो. द्राक्षं जाळ्यांवर पसरून सुकवायची, सुकलेला माल झाडून खाली आला की त्यातल्या काड्या आणि काळे मणी वेचून काढायचे, हे दर उन्हाळ्यात आजोळच्या शेडवर आम्हा बायकांचं काम. जत तालुक्यातलं गाव, साल एकोणनव्वद. आजोळ गावातच, दोन गल्ल्या पलीकडं. बारावीचा शेवटचा पेपर देऊन मला चार दिवस झाले होते.

“कुठल्या शिवलिंगला?”

“किती शिवलिंग हायत आपल्यात?”

“शिवलिंगमामा? अगं, मामा हाय तो माझा! फ्रॉक घालत होते तवापासून त्याला मामा म्हणते मी!”

“चुलत मामा,” आई म्हणाली. ‘चुलत’वर असा जोर दिला की माझ्यावर उपकारच करत होती. “सख्खा न्हाई. डॉक्टरनं सांगितलेलं आम्ही काय विसरलो न्हाई.”

माझ्या शेजारी माझी थोरली बहीण बसली होती, ललिताक्का. तिचा हात सुपात तसाच थांबला. आमच्याकडं भाचीवर पहिला हक्क मामाचा. त्या रिवाजानं अक्काला आईच्या सख्ख्या भावाला दिलेलं, ईरण्णामामाला. पाच वर्षांत दोन बाळं झाली आणि दोन्ही महिन्याच्या आत गेली. मिरजेच्या डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, रक्त फार जवळचं झालं, इथून पुढं घरातली पोरगी सख्ख्या मामाला देऊ नका. आईनं तिथल्या तिथं विचारलं होतं, “मग चुलत मामा चालंल का?” डॉक्टर म्हणाले, ते तेवढं जवळचं नाही. झालं, त्या एका वाक्यावर माझं लग्न ठरलं.

“मला न्हाई करायचं,” मी म्हणाले.

“बरं,” आई म्हणाली. “ते काळे मणी तेवढे बाजूला काढ.”

संध्याकाळी मी आतल्या खोलीला कडी लावून बसले. कुणी दार वाजवेल, रागवेल, दोन शब्द बोलेल म्हणून वाट बघत होते. कुणी फिरकलंसुद्धा नाही. बाहेर माणसं जमली, हसली, चहा प्याली आणि सुपारी फोडून मोकळी झाली. सुपारीला नवरी लागत नाही हे मला तेव्हा कळलं. अक्षय तृतीयेची तारीख धरली आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, जाता जाता हुसेनभाईला मांडवाचं सांगूनही टाकलं.

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. गावाला तिचं नवल राहिलं नव्हतं म्हणून कुणी तिच्याकडं नीट बघतच नव्हतं. आईची आई गौराआजी आणि शिवलिंगमामाची आई सोनाआजी या जुळ्या बहिणी. चेहरा तोच, चाल तीच, शिंकसुद्धा तशीच. आणि त्यांना दिलं होतं ते दोघे भाऊही जुळेच, मल्लाप्पा आणि बसाप्पा. तेही असेच हुबेहूब. एका मांडवात दोन लग्नं लागली. गौराआजी मल्लाआजोबांची, सोनाआजी बसाआजोबांची. दोन्ही आजोबा आता नव्हते. आज्या मात्र अजून एकाच घरात, एकाच चुलीवर.

दुसऱ्या दिवशी मी फुगून शेडवर बसले होते. समोर ईरण्णामामा आणि शिवलिंगमामा एक पेटी दोन्ही बाजूंनी धरून टेम्पोत चढवत होते. माझ्या पुढ्यात बसलेली हौसामावशी आमच्याकडं कामाला यायची. ती कपाळावर हात धरून बघत म्हणाली, “कसं गं हे चुलत भाऊ? एका आईची लेकरं दिसत्यात.”

माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. जुळ्यांचा धडा मी महिन्याभरापूर्वी पाठ केला होता. एकाच बीजाचे दोन भाग होऊन वाढलेले जुळे, त्यांचं रक्त-बीज सगळं एक. परीक्षेत त्याला दोन मार्क होते, आणि ते लिहिताना ही माणसं माझ्या स्वप्नातही आली नव्हती. मी उठले आणि चार रिकामी टोपली ओढली.

“काय चाललंय तुझं?” आई म्हणाली.

“बघ की.” एका जाळीवरचा माल मी दोन टोपल्यांत ओतला. “हे मल्लाआजोबा. हे बसाआजोबा.” दुसऱ्या जाळीवरचा माल दुसऱ्या दोन टोपल्यांत ओतला. “ही गौराआजी, ही सोनाआजी. आता मल्लाआजोबांची एक मूठ, गौराआजीची एक मूठ. ह्या सुपात कोण झालं? माझी आई. पुन्हा तसंच, दुसऱ्या सुपात ईरण्णामामा. हे सख्खे बहीण-भाऊ. बरं, आता बसाआजोबांची मूठ आणि सोनाआजीची मूठ. हा शिवलिंगमामा. सांगा बघू, ह्या तीन सुपांतलं चुलत कुठलं?”

हौसामावशीनं तिन्ही सुपांतला माल बोटांनी चाळला. जन्म गेला होता तिचा बेदाण्यात. “चुलत कुठलं आलंय? एकाच जाळीचा माल हाय की समदा.”

“तेच म्हणते मी! ईरण्णामामा जेवढा सख्खा, तेवढाच शिवलिंगमामा सख्खा. अक्काचं जे झालं तेच माझं व्हायचं!”

“माणसं काय बेदाणा हायत व्हय गं?” आई तडकली. “त्येची आई येगळी, बाप येगळा, रेशनकार्ड येगळं. चुलतच त्यो. चार बुकं शिकलीस म्हणून आम्हाला नाती शिकवतीस?”

“रक्ताला रेशनकार्ड वाचता येत न्हाई, आई.”

बायका फिदीफिदी हसल्या, आणि त्यामुळं आई जास्तच चिडली. तिनं चारही टोपली रिकामी करून पुन्हा एकच ढीग केला. पण ललिताक्का उठून घरात गेली, आणि आली ती पदराखाली एक घडीचा कागद घेऊनच. मिरजेच्या डॉक्टरांचा होता. तो तिनं माझ्या मांडीवर ठेवला.

“जा,” एवढंच म्हणाली.

मी शिवलिंगमामाला टेम्पोमागं गाठलं. “मामा, उद्या जीप काढ. मिरजेला जायचंय. दोघी आज्यांना घेऊन.”

तो सव्वीस-सत्तावीसचा होता. साधा माणूस, कुणाला वाकडं बोलणारा नव्हे. पायाच्या बोटानं माती उकरत म्हणाला, “तुला मी एवढा वाईट वाटतो व्हय, नंदे?”

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. “तू वाईट न्हाईस. तू मामा हाईस. तुला तरी मी बायको वाटते का? खरं सांग.”

तो म्हणाला, “तुला कडेवर घेऊन जत्रेत पाळण्यात बसवलंय मी.”

“मग सुपारी फुटताना तोंड का उघडलं न्हाईस?”

“मला कुणी इचारलं का?”

“अरे, मग न विचारता सांगायचं! पुरुष ना तू?”

“सकाळी सातला निघू,” तो म्हणाला आणि पेट्या उचलायला गेला.

आज्यांना मी काही थाप मारली नाही. दोघी अंगणात भाकरी करत होत्या. सरळ सांगितलं, माझं लग्न मोडायला चाललेय, तुम्हाला बघितल्याशिवाय डॉक्टरला पटायचं नाही. सोनाआजी म्हणाली, “आगं पण माझ्याच लेकाचं लगीन मी कसं मोडू?” गौराआजीनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, “सोने, नवीन लुगडं काढ. मिरजला जायचंय.”

डॉक्टर म्हातारे झाले होते. मी आणि मामा आधी आत गेलो आणि आमचं लग्न ठरल्याचं सांगितलं. त्यांनी अक्काचा कागद वाचला, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “नवरा मुलगा आईचा चुलत भाऊ ना? मग मी मागं सांगितलं होतं तेच. नात्यात न केलेलं बरं, पण तेवढी भीती नाही.”

“एक मिनिट थांबा, डॉक्टर,” मी म्हणाले, आणि दार उघडून दोघींना आत घेतलं.

हिरवं लुगडं आणि निळं लुगडं, एवढाच काय तो फरक. दोघी एकदमच वाकून बाकावर बसल्या, एकदमच पदर सावरला. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“ही माझ्या आईची आई. ही ह्याची आई,” मी म्हणाले.

“जुळ्या?”

“व्हय,” गौराआजी म्हणाली.

“आणि तुमचे यजमान?”

“ते बी जुळे,” सोनाआजी म्हणाली. “असेच. ह्यांचा अंगरखा त्यांनी घातला तर मीच चुकायची.”

डॉक्टर खुर्चीत मागं रेलले. “हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही हो.”

“तुम्ही विचारलंच न्हाई,” मी म्हणाले. मामानं माझा कोपर दाबला, पण मी ऐकते होय! तीन दिवस माझं कुणी ऐकत नव्हतं, आज एक माणूस कान देऊन बसला होता.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी आज्यांना समजेल असं सांगितलं. इतके हुबेहूब म्हणजे दोघी एका बीजाच्या, दोघे भाऊही एका बीजाचे. त्यांची लेकरं कागदावर चुलत, मावस, काय म्हणाल ते. पण रक्तानं बघितलं तर सख्ख्या भावंडांइतकीच जवळची. हा मुलगा या मुलीचा सख्खा मामाच धरायचा.

“म्हणजे अक्काचं झालं तेच?” मी विचारलं.

“होईलच असं नाही. पण धोका तेवढाच. ललिताला होता तेवढाच.” मग त्यांनी कागद ओढला आणि शिवलिंगमामाकडं वळले. “मी लिहून देतो. हे लग्न करू नका.”

मामानं एवढा मोठा सुस्कारा सोडला की दोघी आज्या वळून त्याच्याकडं बघायला लागल्या.

येताना जीपमध्ये मी गाणी म्हणत होते. काय सांगू, अंगातलं ओझं उतरलं होतं. कवठेमहांकाळला थांबून मामानं सगळ्यांना भजी खाऊ घातली. गौराआजीनं मात्र भजी तशीच हातात धरली होती. मी म्हटलं, “आजी, जिंकलो की आपण!” ती म्हणाली, “घरी तर जाऊ दे.”

दिवस मावळायच्या आत आम्ही घरी आलो. सोप्यावर अण्णा, आई, दाराशी ललिताक्का. अण्णांनी डॉक्टरांचा कागद दोनदा वाचला. आईनं कपाळाला हात लावला. “आगं आई गं, वाचलो म्हणायचं. माझ्याच हातानं मी दुसरी पोरगी…” आणि ती रडायलाच लागली. अक्कानं येऊन माझा हात घट्ट धरला.

“चला, निस्तरलं,” अण्णा म्हणाले. कागद घडी करून त्यांनी खिशात घातला. “मग असं करू. अथणीच्या पाटलांचं ते स्थळ हाय, मागं इचारत होते. नात्याचं न्हाई, गोताचं न्हाई, डॉक्टरला बी काय बोलाय जागा न्हाई. मांडव सांगितलेलाच हाय, तारीख धरलेलीच हाय. नवरा तेवढा बदलायचा. फरक काय पडतो?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. आईनंसुद्धा, रडता रडता. मी बघतच राहिले. त्यांनी डॉक्टरांचं ऐकलं होतं, कागदाचं ऐकलं होतं, जुळ्या आज्यांचं ऐकलं होतं. मी सुपारीच्या दिवशी जे एक वाक्य बोलले होते ते अजून तसंच पडून होतं.

“मला न्हाई करायचं,” मी म्हणाले.

“आता गं काय झालं?” अण्णा खरोखरच चकित झाले. “तुझंच तर ऐकलं की!”

“माझं न्हाई ऐकलं. डॉक्टरचं ऐकलं. डॉक्टर आज म्हणाले असते ना की खुशाल करा, काय भीती न्हाई, तरी मी नकोच म्हणणार होते.”

“मग एवढं मिरजेपर्यंत कशाला गेलीस?”

“माझं ‘नको’ कुणाच्या कानात शिरत न्हवतं म्हणून!”

“दुसरा कुणी हाय मनात?” अण्णांचा आवाज चढला.

“कुणी न्हाई.”

“पुढं शिकायचं हाय?”

“शिकेन बी. पण त्याच्यासाठी न्हाई. मला आत्ता लग्न करायचं न्हाई, एवढंच हाय. ह्याला अजून वर काय लावू?”

“असं कुठं असतंय!” अण्णा उठून उभे राहिले. “पोरगी नको म्हणती म्हणून कुणी लगीन थांबवतं व्हय? गाव शेण घालंल तोंडात. काय कारण सांगू मी लोकांना?”

“महादेव,” गौराआजी म्हणाली. अण्णांना ती नावानं हाक मारायची नाही, जावई म्हणून मान द्यायची. त्यामुळं सगळेच तिच्याकडं वळले. ती खांबाला टेकून बसली होती, शेजारी सोनाआजी. “आमच्या लग्नात पाट चुकले होते. ठाऊक हाय तुम्हाला?”

कुणालाच ठाऊक नव्हतं. आईलासुद्धा नव्हतं.

“मला दिली होती बसाप्पाला. सोनीला मल्लाप्पाला. लग्नाआधी बसाप्पा आमच्या गावच्या जत्रेला आला होता. आम्ही दोघी बांगड्या भरत होतो. माझ्या आईबापाला बी पटकन कळायचं न्हाई गौरा कुठली. त्यो सरळ माझ्यापुढं आला आणि म्हणाला, तू गौरा. दोनदा नंतर भेटला, दोन्ही टायमाला चुकला न्हाई.” ती थांबली, पदरानं तोंड पुसलं. “मांडवात गर्दी. आत्यानं मला ह्या पाटावर उभं केलं, सोनीला त्या. अंतरपाट खाली आला आणि म्होरं मल्लाप्पा. मी वळखलं, आत्याला हळूच म्हटलं, पाट चुकलाय. तर म्हणाली, अक्षता पडल्या आता. दोघं बी सारखेच हायत. फरक काय पडतो?”

“मल्लाप्पा वाईट न्हवता. मी कायबी वावगं केलं न्हाई, त्यानं बी न्हाई. चाळीस वर्षं बसाप्पाला भाऊजी म्हणून भाकर वाढली. डॉक्टर आज म्हणाला, रक्तानं समदं एकच. खरं असंल. तुझी बायको माझ्या पोटी आली काय, सोनीच्या आली काय, एकच असंल.” तिनं अण्णांकडं रोखून बघितलं. “पण मला फरक पडला, महादेव.”

मी सोनाआजीकडं बघितलं. आमची सगळ्यांचीच नजर तिच्याकडं गेली होती. ती मान खाली घालून लुगड्याच्या काठावर बोट फिरवत होती.

“मला बी,” सोनाआजी म्हणाली.

दोघी बहिणी चाळीस वर्षं एका चुलीवर होत्या, आणि हे त्या एकमेकींशीही कधी बोलल्या नव्हत्या. गौराआजीनं हात पुढं करून तिचं मनगट धरलं. 

अण्णांनी कोनाड्यातली टोपी घेतली. “हुसेनला सांगून येतो. मांडव नको म्हणून.”

“मी बी येते,” मी म्हणाले.

“तू कशाला?”

“तुम्ही काय सांगता ते ऐकायला.”

आई “अगं” म्हणाली, पण अण्णा पायरी उतरले. मी चपला घातल्या आणि त्यांच्या मागं न चालता बरोबरीनं चालले. गल्लीतली माणसं बघत होती. बघू देत म्हटलं.

हुसेनभाई दारात बसून दोरीचे गुंडाळे करत होता. अण्णांनी तृतीयेचं रद्द सांगितलं तसा तो उठून उभा राहिला. “का वं अण्णा? शिवलिंगचं मोडलं? काय कारण झालं?”

अण्णांचा हात खिशातल्या कागदाकडं गेला. “त्ये मिरजेच्या डॉक्टरनं…” असं म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं. मी बघतच होते. त्यांचा हात खिशातून रिकामा बाहेर आला.

“पोरगी नको म्हणती,” अण्णा म्हणाले.

हुसेनभाईनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं, आणि पुन्हा खाली बसून दोरी हातात घेतली.

“मग हाय की कारण,” तो म्हणाला.